छपराचे पाणी, गल्लीची विहीर

जालन्याहून सिंदखेडराजामार्गे मेहकरच्या दिशेने निघाले की वाटेत बीबी लागते. लोणार तालुक्यातले रस्त्यावरचे गाव. गाव म्हणावे तर मोठे आहे, बाजारपेठ आहे, पोलीस ठाणे आहे. शहर म्हणावे तर कारभार ग्रामपंचायतीचा. खेडेपण सुटलेले आणि शहरपण अजून कागदावर न आलेले, अशी गावे आता प्रत्येक हमरस्त्यावर भेटतात. मे महिन्यातल्या एका दुपारी लोणारला जाताना तिथे चहाला थांबलो होतो. टपरीच्या कोपऱ्यात वीस लिटरचा निळा जार होता. मी सवयीने विचारले, पाणी कुठले? टपरीवाला म्हणाला, "जारचं हाये भाऊ. इकत घ्या लागते. बोअरचं पाणी कपबशा इसळाले बी पुरत नाही."

टपरीसमोर नवे दुमजली घर उभे होते. स्लॅबच्या कडेतून चार इंची पाइप बाहेर काढलेला, तोंड थेट रस्त्याकडे. पावसाळ्यात या पाइपातून पडणारे पाणी सिमेंटच्या रस्त्यावर आदळणार, तिथून गटारात, गटारातून नाल्यात आणि दोन तासांत गावाच्या हद्दीबाहेर जाणार. घर बांधणाऱ्याने पाणी येण्याची सोय कुठे ना कुठे केलीच असेल. पण पाणी घालवण्याची सोय त्याने जितक्या चोख रीतीने केली होती, तितकी दुसरी कोणतीच नसावी.

चहा निवेपर्यंत मी एक हिशोब मांडला. स्लॅब हजार चौरस फुटांचा, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. पाऊस हात आखडून वर्षाचा ७०० मिलिमीटर धरला. काही पाणी उडून जाते, काही स्लॅबच पितो, काही पाघळते. पाचवा हिस्सा त्यात सोडून दिला तरी सुमारे ५२ हजार लिटर पाणी हाती उरते. सरकारी योजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात. त्या मापाने पाच माणसांच्या घराला हे सहा महिन्यांहून अधिक पुरेल. अशी हजार घरे एका गावात असली, तर पाच कोटी वीस लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर ५,२०० टँकर. उन्हाळ्यात ज्यांची आपण वाट पाहत बसतो, ते टँकर पावसाळ्यात आपल्याच डोक्यावरून निघून गेलेले असतात.

हिशोब इथपर्यंत सोपा आहे, आणि 'छपराचे पाणी जमिनीत मुरवा' अशा पाट्या रंगवणारे बहुधा इथेच थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे. जमिनीत म्हणजे नेमके कुठे? आणि मुरवलेले पाणी मग कोणाचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाहायचे तर लोणारला जावे. उल्कापाताने झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहायला लोक येतात ते खारे पाणी, जुनी देवळे आणि २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेले तळे ऐकून. मला मात्र त्याची भिंत अधिक बोलकी वाटते. आपल्या पायाखाली काय आहे हे आपल्याला एरवी दिसत नाही. विहीर खणणाऱ्याला थोडे दिसते, बोअरवाल्याला फक्त वर आलेली भुकटी दिसते. इथे निसर्गाने अख्खा पठाराचा काप कापून ठेवला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक, पोळ्यांच्या चवडीसारखे. त्यात कुठे काळा घट्ट पाषाण, कुठे भोकाभोकांचा, ठिसूळ मांजऱ्या, आणि मध्येच तांबड्या मातीचा पातळ पट्टा. बीबी काय, मेहकर काय, जालना काय, सगळी गावे याच चवडीवर बसली आहेत.

विवराच्या काठावर गोमुखातून पडणारी 'धार' प्रसिद्ध आहे. ती कोणी गंगेची मानो, कोणी काशीची. तिचे पाणी आले आहे ते याच पठारावर पडलेल्या पावसातून. पाऊस मातीतून मुरुमात उतरतो, मुरुमातून फुटलेल्या खडकात उतरतो, खाली घट्ट थर लागला की अडतो आणि आडवा सरकू लागतो. सरकता सरकता जिथे जमीन कापलेली सापडेल तिथे बाहेर पडतो. लोणारला विवराने जमीन कापली म्हणून झरा झाला. आपल्या गल्लीत आजोबांनी कुदळीने कापली म्हणून तिथे आड झाला. दोहोंचे शास्त्र एकच.

या खडकाचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवायला हवा: त्याचे पोट लहान आहे. नदीकाठच्या वाळूत पाणी मावते तसे इथे मावत नाही. शंभर घनफूट खडकातून वापरायला मिळणारे पाणी एक ते तीन घनफूट. दोन धरले, तर दोन सेंटिमीटर पाणी मुरले की भूजलाची पातळी मीटरभर वर येते. ऐकायला गोड वाटते. पण दोन सेंटिमीटर उपसले की तीच पातळी मीटरभर खाली जाते. म्हणून आपल्याकडच्या विहिरी श्रावणात काठोकाठ भरतात आणि माघात तळ दाखवतात. ऑगस्टच्या शेवटी, विहिरी तुडुंब असताना, वरून ओतलेले पाणी खडक घेतच नाही. मुरवण्याचा खरा लाभ होतो तो पावसाळ्याच्या सुरुवातीला, मधल्या खंडात उपसा वाढलेला असताना, आणि पाऊस ओढ देणाऱ्या वर्षी.

दुसरा स्वभाव वरच्या काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. मृगाचा पहिला पाऊस या भेगा गटागट पितात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि ती जणू झाकण लावून बसते. अशा मातीत हौसेने चार फुटांचा खड्डा करून छपराचा पाइप सोडला, तर आठवडाभर डासांची सोय होते, आणखी काही नाही. खड्डा काळी माती ओलांडून मुरुमाला भिडला पाहिजे. हे जुन्या गवंड्याला, विहीर खणणाऱ्या वडाराला न शिकवता कळत असे. आता खड्डा करणारे यंत्र आहे, त्याला तासाप्रमाणे पैसे लागतात, आणि तासांचा हिशोब करता करता मुरूम राहून जातो.

आपण पाण्यासाठी इतके खोल कधीपासून जाऊ लागलो? १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राची झोप उडवली. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली, आणि कठीण खडक फोडणारी यंत्रे 'युनिसेफ'च्या मदतीने गावोगाव आली. बोअर झाली, पण त्यांवर बसवायचा हातपंप टिकेना. त्या काळात जे बळकट पंप पुढे आले, त्यांतला एक 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. तो तिथल्या मिशनच्या लोकांनी घडवला होता. सोलापूरच्या पंपावरून पुढे 'इंडिया मार्क टू' आला आणि देशभर, देशाबाहेरही गेला. आयाबायांच्या डोक्यावरचा हंडा या पंपांनी किती मैलांनी कमी केला याला मोजदाद नाही. त्यांना नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. हातपंपाचा एक गुण असा की माणूस दमला की पंप थांबतो. विजेची पाणबुडी मोटार आली आणि हा गुण गेला. शंभर फुटांचे बोअर दोनशेवर गेले, दोनशेचे तीनशेवर, आणि वरच्या थरातले पाणी, जे दर वर्षी नव्याने भरते, ते खालच्या थरातल्या खर्चाला लागले.

या सगळ्यात आड मेले. ही आमच्याच घरची गोष्ट आहे. माझ्या मावशीचे घर याच भागातले. गावाचे नाव नको. धाब्याचे, मातीचे छत असलेले घर, मागच्या अंगणात चाळीस फुटांचा आड. पाऊस आला की आम्ही मुले पन्हळाखाली नागडी उभी राहत असू आणि मावशी हातातले काम टाकून पितळी घंगाळे, कळशा, असेल ते भांडे त्या धारेखाली लावी. पण पहिल्या पावसाचे पाणी ती भरू देत नसे. "धाब्यावरचं चिमण्याचं समदं धुऊन जाऊ द्या आधी," असे म्हणे. १९९० नंतर केव्हातरी घरावर स्लॅब पडला, दारात बोअर झाले. आडात पाडलेल्या भिंतींची माती, खापऱ्या, शेवटी जुनी लाकडे गेली. त्यावर फरशी टाकून न्हाणीघर बांधायचा सल्ला ज्याने दिला, तो शहरात शिकलेला भाचा मीच. जागेचा उपयोग होईल, डास होणार नाहीत, लेकरू पडायची भीती नाही. सगळी कारणे खरी होती. बोअरने बारा-तेरा वर्षे पाणी दिले. मग ते फेब्रुवारीपर्यंत, मग संक्रांतीपर्यंत येऊ लागले. दुसरे बोअर तीनशे फूट नेले, धुरळा निघाला. त्याचे पैसे मात्र ओले-कोरडे न पाहता फुटावर द्यावे लागले.

या पट्ट्यातल्या जुन्या लोकांना पाणी कसे राखायचे याचे भान नव्हते असे नाही. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहून लोक परततात. थोडी वाट वाकडी केली तर लखुजी जाधवांच्या या गावात मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, कोरीव कामाची पुतळा बारव आहे. तलाव म्हणजे केवळ साठवण नव्हे. तलावाच्या तळातून वर्षभर पाणी झिरपते आणि उताराखालच्या विहिरींना पाझर राहतो. वर तलाव, खाली विहिरी, ही जोडी महाराष्ट्रभर दिसते. अलीकडे याच बुलढाणा जिल्ह्याने या जोडीची आठवण वेगळ्या वाटेने करून दिली. महामार्गाच्या भरावाला माती-मुरूम लागतो. तो डोंगर पोखरून आणण्याऐवजी तलाव, नाले खोल करून घ्यावा, ठेकेदाराला मुरूम मिळेल आणि गावाला साठवण, असा तो 'बुलढाणा पॅटर्न'. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यात गाळ काढण्याची मोठी मोहीम घेतली, ती वेगळी. ही कामे शिवाराला उपयोगी पडतात. पण गावठाण, जिथे घरे दाटीने आहेत आणि जिथे सगळ्यात आधी पाणी संपते, ते या कामांत बहुधा कोरडेच राहते. गावठाणाचा तलाव म्हणजे त्याची छपरे.

शहरांनी हे कायद्याने करून पाहिले. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पाऊसपाण्याची सोय सक्तीची झाली. पुण्यात अशी सोय करणाऱ्याला मिळकतकरात सवलत मिळते. तामिळनाडूने २००३ मध्ये सरसकट सगळ्या इमारतींना सक्ती केली, तेव्हा चेन्नईच्या विहिरींचे पाणी वर आल्याचे पुष्कळांनी सांगितले. पण त्याच चेन्नईचे जलाशय २०१९ च्या जूनमध्ये कोरडे पडले आणि हॉटेलांना दुपारचे जेवण बंद ठेवण्याची वेळ आली. पाइप होते, खड्डे होते. खड्डे साफ कोण करणार हे कायद्यात लिहून भागत नाही. भोगवटा प्रमाणपत्रापुरता खड्डा ही आपल्याकडचीही ओळखीची वस्तू आहे. आणि लातूर? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. फलाटावर स्वागताला गर्दी झाली होती. पाच लाख लिटर म्हणजे वर मांडलेल्या हिशोबाने दहा स्लॅबांचे एका पावसाळ्याचे पाणी.

दहा स्लॅबांचे पाणी लातूरला वाचवू शकले असते असे मला म्हणायचे नाही. पाऊसच नसेल तर स्लॅबही कोरडा. पण ज्या वर्षी पाऊस असतो त्या वर्षी आपण काय केले, हे कोणी विचारत नाही.

आता कसे करावे ते. बंद पडलेला आड किंवा विहीर असेल तर तिच्यासारखी जागा नाही, कारण ती आधीच मुरुमापर्यंत, बहुधा पाझरापर्यंत गेलेली आहे. आधी तिच्यातला कचरा काढायचा. मग छपराचे पाणी एका पाइपात आणायचे. त्या पाइपाला वळण देणारी तोटी हवी, म्हणजे पहिले एक-दोन पाऊस रस्त्यावर सोडता येतील. मावशी घंगाळे मागे ओढी, तेच हे. त्यानंतर एक टाकी किंवा चौकोनी हौद: खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू. यातून गाळलेले पाणी विहिरीत सोडायचे. वाळू दर उन्हाळ्यात काढून धुवायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळी योजना तिथेच बुडते.

आड नसेल, बोअरच असेल, तर बोअरच्या भोवती खड्डा घेऊन त्यात असेच थर भरतात आणि केसिंगला वरच्या भागात बारीक छिद्रे पाडून त्यावर जाळी गुंडाळतात. पण इथे हात जपून टाकावा. विहिरीत घाण गेली तर दिसते, वास येतो, उपसता येते. बोअरमधून खोल गेलेली घाण कोणालाच दिसत नाही आणि परत काढता येत नाही. अंगणाचे, गोठ्याचे, रस्त्याचे पाणी बोअरमध्ये सोडणे म्हणजे गावाच्या पिण्याच्या भांड्यात खरकटे हात घालणे. शौचालयाच्या टाकीपासून निदान पन्नास फूट अंतर ठेवावे असे सांगतात. दाट वस्तीत हे अंतर सापडत नाही, तेव्हा त्या घराने मुरवण्याचा नाद सोडून पाणी टाकीत साठवावे, हे बरे.

घाटाखालची गोष्ट आणखी वेगळी. आमच्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली ही दोन निराळी जगे आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्यात, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावकडे खारपाणपट्टा आहे. तिथे जमिनीतलेच पाणी खारट. वरचे गोड पाणी त्यात ओतले तर ते बहुधा खारट होऊन परत येणार. तिथे छपराचे पाणी हौदात राखून प्यावे. एकच नकाशा छापून साऱ्या जिल्ह्याला वाटणाऱ्यांनी एकदा घाट उतरून पाहावा.

टपरीवाल्याला मी हे थोडक्यात सांगायचा प्रयत्न केला. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्या मुरवलं, अन् मागच्यानं त्याच्या बोअरातून ओढून घेतलं तं?"

याहून नेमका प्रश्न मी परिसंवादांतही ऐकलेला नाही. खरे उत्तर असे की हो, ओढील. जमिनीखाली सातबारा नाही. १८८२ च्या इझमेंट कायद्यापासून आपण जमीन ज्याची, खालचे पाणी त्याचे असे धरून चाललो. महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला बंधन घातले. २००९ चा भूजल कायदा, जो २०१४ पासून लागू झाला, तो साठ मीटरपेक्षा खोल जाण्यालाही आवर घालू पाहतो. पण रात्री दोन वाजता गल्लीत शिरणारी बोअरची गाडी कोणी अडवत नाही. जिथे अडवली जाते तिथे गावाने स्वतः ठरवलेले असते. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारचे नाव पाणी अडवण्यासाठी घेतात. मला तिथले मोठे काम दुसरेच वाटते. तिथे शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, आणि दर वर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, कोणते पीक घ्यायचे ते गाव बसून ठरवते. जमा वाढवण्याआधी खर्चावर एकमत, हा त्या गावाचा कणा. शहरातल्या गल्लीला पीक नाही, पण मोटार आहे, गाड्या धुणे आहे.

टपरीवाल्याचा प्रश्न घेऊनच मी मावशीकडे गेलो. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मावसभावाने न्हाणीघराची फरशी उचकटायचे ठरवले आहे, हे तिने दारातच सांगितले. शेजारच्या तीन घरांनी आपल्या छपरांचे पाइप त्या आडाकडे वळवायला होकार दिला आहे. चौथ्याच्या शौचालयाची टाकी आडापासून वीस फुटांवर येते, म्हणून ती आधी हलवायची की आडाचा नाद सोडायचा, यावर दोन रात्री ओट्यावर वाद झाला. मोटार कोणी किती वेळ चालवायची याचे बोलणे अजून व्हायचे आहे. भाऊ म्हणाला, ते आडाला पाणी लागल्यावर पाहू. मावशी म्हणाली, "पाणी लागल्यावर कोन आयकते? आत्ताच बोला, कोरडं हाये तवर."

संध्याकाळी मजूर आला. फरशीखाली पहारीचा पहिला घाव बसला तेव्हा पोकळ आवाज आला आणि मावशी खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. आत किती माती निघेल याचा अंदाज मजूर विचारत होता; मला आठवत होते ते सगळे मी त्याला सांगितले. भिंतींची माती, खापऱ्या, दोन जुन्या तुळया. "अन् माहा पितळी पोहरा," मावशी म्हणाली.